वाचकांचे प्रश्न : फुटबॉलचा सामना उभ्याने पाहावा की बसून?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. पुणे, कोल्हापूर, मडगाव आणि नाशिक येथील वाचकांनी ती एकमेकांच्या नकळत लिहिली असली, तरी त्यांची उत्तरे एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की या वेळचे सारे सदरच त्यांना द्यावे असे वाटले. विषय फुटबॉलच्या प्रेक्षकांचा आहे. सामना बसून पाहायचा की उभे राहून, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु त्यापायी माणसे जिवानिशी गेली आहेत, कायदे झाले आहेत आणि त्या कायद्यांचा फेरविचारही झाला आहे.

प्रश्न : माझी मुलगी मँचेस्टरला शिकते. गेल्या हिवाळ्यात ती मैत्रिणींबरोबर फुटबॉलचा सामना पाहायला गेली होती. रात्री फोनवर सांगत होती, "आई, प्रत्येकाला स्वतःची खुर्ची होती, पण नव्वद मिनिटांत कोणीही बसले नाही आणि बसा म्हणून कोणी सांगायलाही आले नाही." १९८९ च्या दुर्घटनेनंतर इंग्लंडमध्ये उभ्याने सामना पाहण्यावर बंदी आली, असे मी वाचले होते. मग ती बंदी उठली का? आणि उठली असेल तर हे सुरक्षित आहे का? मला खरोखर काळजी वाटते.
— एक आई, पुणे

उत्तर : आपल्या मुलीने जे पाहिले ते बहुधा नियमाला धरूनच होते. इंग्लंडमधील काही निवडक स्टँडमध्ये १ जानेवारी २०२२ पासून उभे राहण्याला परवानगी मिळाली, आणि पहिल्या प्रयोगासाठी ज्या पाच क्लबांची निवड झाली त्यांत मँचेस्टरचे दोन्ही क्लब होते. त्याच वर्षीच्या पुढच्या हंगामापासून अटी पूर्ण करणाऱ्या इतर क्लबांनाही ही मुभा मिळाली. परंतु 'परवानगी आहे' एवढ्याने आपली काळजी मिटणार नाही, म्हणून १९८९ मध्ये नेमके काय घडले तिथपासूनच सांगतो.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डमधील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए चषकाचा उपान्त्य सामना होता. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना लेपिंग्ज लेन ही बाजू मिळाली होती, आणि तिथल्या उभ्याच्या जागेची तिकिटे घेतलेल्या सुमारे १०,१०० लोकांना आत सोडण्यासाठी अवघी सात फिरती फाटके होती. सामना तीन वाजता सुरू व्हायचा होता. त्याआधीच बाहेर इतकी दाटी झाली की फाटकांपाशीच माणसे चिरडतील असे दिसू लागले, आणि २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी बाजूचे मोठे दार उघडले. त्या दारातून आत शिरलेल्याला समोर एक बोगदा दिसे, आणि तो बोगदा गोलच्या मागच्या मधल्या दोन कप्प्यांत उतरत असे. कप्पे म्हणजे तिन्ही बाजूंनी लोखंडी कुंपणे घातलेले अक्षरशः कोंडवाडे होते. मधले दोन आधीच ठासून भरलेले होते, तर डाव्या-उजव्या बाजूंच्या कप्प्यांत भरपूर जागा शिल्लक होती. बोगद्याच्या तोंडाशी एक-दोन माणसे उभी करून लोकांना बाजूला वळवणे एवढेच करायला हवे होते, आणि ते झाले नाही. पुढे मैदानाच्या बाजूला उंच जाळी होती, कारण त्या काळात प्रेक्षक म्हटला की तो हुल्लडबाजच असणार असे गृहीत धरूनच मैदाने बांधली जात. सामना ३ वाजून ६ मिनिटांनी थांबला. या घटनेने एकूण ९७ बळी घेतले. त्यांतील शेवटचा मृत्यू २०२१ मध्ये, त्या दिवशी झालेल्या दुखापतींच्या परिणामानेच झाला. बहुतेकांचा श्वास उभ्या उभ्याच कोंडला होता.

दोष प्रेक्षकांवर ढकलण्याचा प्रयत्न त्याच दिवशी सुरू झाला. लोकांनीच दार फोडले, लोक प्यालेले होते, असे सांगितले गेले आणि छापलेही गेले. मृतांच्या आप्तांनी ही गोष्ट सोडली नाही. अखेर एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे २७ वर्षांनी, मृत्युचौकशीच्या ज्यूरीने निर्णय दिला की हे मृत्यू बेकायदेशीर कृत्यामुळे ओढवले आणि प्रेक्षकांच्या वागणुकीचा त्यात काहीही वाटा नव्हता. उभे राहण्याविषयी बोलताना हा निर्णय विसरून चालणार नाही, कारण 'उभा प्रेक्षक म्हणजे बेशिस्त प्रेक्षक' या समजुतीची मुळे त्या खोट्या हकिगतीतही आहेत.

न्यायमूर्ती टेलर यांनी या दुर्घटनेचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये दिला आणि मोठ्या मैदानांवर सर्वत्र खुर्च्या असाव्यात अशी शिफारस केली. उभे राहणे मुळातच घातक आहे, असे त्यांनीही म्हटले नव्हते; मात्र सुरक्षिततेसाठी जे उपाय करता येतील त्यांत एकट्या खुर्चीइतका उपयोगी दुसरा कोणताही नाही, असे त्यांचे मत होते. खुर्च्यांमुळे तिकिटे गरिबांच्या हाताबाहेर जातील ही भीतीही त्यांनी विचारात घेतली, आणि ग्लासगोच्या इब्रॉक्स मैदानावर खुर्चीचे तिकीट सहा पौंडांना आणि उभ्याचे चार पौंडांना मिळते, हे उदाहरण देऊन ती बाजूला सारली. त्यांचा हा अंदाज पार चुकला. पुढच्या तीस वर्षांत इंग्लंडमधील तिकिटांचे दर कुठल्या कुठे गेले. सुरक्षिततेबाबतचा त्यांचा निष्कर्ष मात्र बरोबर ठरला आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

ऑगस्ट १९९४ पर्यंत वरच्या दोन श्रेणींतील बहुतेक मैदाने पूर्णपणे खुर्च्यांची झाली. लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावरील 'कॉप' या प्रसिद्ध उतारावर उभ्याने पाहिलेला शेवटचा सामना ३० एप्रिल १९९४ चा. कॉप हे नाव दक्षिण आफ्रिकेतील स्पायन कॉप या टेकडीवरून आले आहे. जानेवारी १९०० मध्ये त्या टेकडीवर बोअर युद्धातील रक्तरंजित लढाई झाली, आणि तिथल्या जखमींना डोलीवरून वाहून नेणाऱ्या हिंदी शुश्रूषा पथकात मोहनदास गांधी होते. एकेकाळी सुमारे २८,००० माणसे सामावणाऱ्या या उतारावर खुर्च्या आल्यावर बारा हजारांच्या आसपास जागा उरल्या.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. खुर्चीने नेमके काय वाचवले? माझ्या मते, माणूस बसला म्हणून तो वाचला असे नाही. तो मोजला गेला म्हणून वाचला. खुर्चीला क्रमांक असतो, त्या क्रमांकाचे एकच तिकीट असते आणि त्या तिकिटावर एकच माणूस आत येतो, त्यामुळे एका कप्प्यात दुप्पट माणसे घुसणे जवळजवळ अशक्य होते. नुसत्या बसण्याने जीव वाचत नाही, याचा दाखला हिल्सबरोच्या चारच वर्षे आधीचा आहे. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डच्या मैदानावर ज्या स्टँडला आग लागून ५६ माणसे गेली, त्या लाकडी स्टँडमध्ये खुर्च्याच होत्या. फळ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षे खाली साठलेला कचरा पेटला आणि मागच्या बाजूची दारे बंद होती. समोर जाळी नव्हती म्हणूनच इतर अनेकांना मैदानात उड्या टाकून जीव वाचवता आला.

खुर्च्या आल्या तरी लोकांनी उभे राहणे काही सोडले नाही. कायद्याने क्लबांवर खुर्च्या पुरवण्याचे बंधन घातले होते. प्रेक्षकाने खुर्चीपुढे उभे राहणे हा काही गुन्हा नव्हता. मैदानाच्या नियमावलीनुसार सतत उभे राहणाऱ्याला बाहेर काढता येत असे, परंतु दोन-चार हजार माणसे एकदम उभी असतील तर कोणाकोणाला काढणार? त्यामुळे गोलच्या मागच्या स्टँडमध्ये आणि विशेषतः पाहुण्या संघाच्या समर्थकांत पंचवीस-तीस वर्षे लोक उभेच राहिले, आणि तेही त्या कामासाठी न केलेल्या जागेत. साध्या खुर्चीची पाठ उभ्या माणसाच्या गुडघ्याच्या आसपास येते. गोल झाला, सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, मागून धक्का आला, की ही पाठ आधार न देता पायात अडकते आणि माणूस पुढच्या रांगेवर कोसळतो; नडग्या सोलवटतात, कधी हाड मोडते.

त्यावरचा उपाय म्हणजे आपल्या मुलीने पाहिलेली खुर्ची. प्रत्येक रांगेच्या मागे कमरेइतक्या उंचीचा भक्कम लोखंडी कठडा असतो आणि त्याच्याच खांबांत घडीची खुर्ची बसवलेली असते. उभे राहायचे असेल तेव्हा बैठक वर दुमडते आणि रांगेत पाय ठेवायला सपाट, मोकळी जागा होते. बसायचे असेल तेव्हा ती खाली येते. जर्मनीत अशा खुर्च्या बऱ्याच आधीपासून आहेत. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने २०१६ मध्ये अडीच-तीन हजार जागांवर त्या बसवल्या, कारण इंग्लंडचा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. इंग्लंडमध्ये नव्या परवानगीखालचा पहिला सामना २ जानेवारी २०२२ रोजी लंडनमध्ये, चेल्सी आणि लिव्हरपूल यांच्यात झाला. विरोधी संघ लिव्हरपूलच असावा, या योगायोगाने त्या दिवशी अनेकांचे मन भरून आले असणार. हिल्सबरोत माणसे गमावलेल्या काही कुटुंबांचा उभे राहण्याला शेवटपर्यंत विरोध होता आणि त्या विरोधाबद्दल मला आदर आहे. दुसरीकडे लिव्हरपूलच्याच समर्थकांनी २०१७ मध्ये आपापसात घेतलेल्या मतदानात मोठ्या बहुमताने कठड्याच्या खुर्च्यांच्या बाजूने कौल दिला होता.

या व्यवस्थेत मोजदाद तशीच राहते. एका खुर्चीला एकच माणूस, तो उभा असो वा बसलेला. मागून लोंढा आला तरी प्रत्येक रांगेपुढे कठडा असल्यामुळे धक्का एका रांगेतच विरतो. जिने आणि वाटा मोकळ्या ठेवाव्या लागतात, कॅमेरे असतात, आणि उभे राहणारे मागे बसलेल्यांच्या नजरेच्या आड येत नाहीत हे क्लबला आधी दाखवून द्यावे लागते. म्हणून आपल्याला सांगतो की आपली मुलगी साध्या खुर्च्यांच्या रांगेत उभी राहण्यापेक्षा या जागेत उभी होती हे अधिक बरे झाले. पुढच्या वेळी तिकीट काढताना जागा कोणत्या प्रकारची आहे तेवढे तिने पाहावे.

प्रश्न : माझे वय ७१. वडिलांचे बोट धरून तालमींच्या संघांचे सामने पाहायला जात होतो, आता नातवाला घेऊन जातो. सिमेंटच्या पायऱ्यांवर वर्तमानपत्र अंथरून बसायचे, ही आमची रीत. गोल होताना सगळे उठतात, त्याचे काही वाटत नाही, मीही उठतो. पण हल्ली पुढची पोरे पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत उभी असतात. गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यामुळे मला तेवढा वेळ उभे राहवत नाही. बसा म्हटले तर म्हणतात, "आजोबा, घरात मोबाइलवर बघायचं की!" चूक कोणाची?
— एक जुने फुटबॉलप्रेमी, कोल्हापूर

उत्तर : आपले पत्र वाचून मला फार वाईट वाटले, कारण ज्या माणसाने तीन पिढ्या या खेळाला दिल्या त्याला घरी जायला सांगणे ही कोल्हापूरची रीत नव्हे. पाटाकडील आणि खंडोबा, दिलबहार आणि बालगोपाल, प्रॅक्टिस आणि शिवाजी तरुण मंडळ या संघांच्या नावांवर तिथल्या पेठाच्या पेठा जीव टाकतात, आणि ते वेड नातवाच्या हाती आजोबांनीच दिलेले असते. तेव्हा पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो : ते उत्तर देणाऱ्या मुलांची चूक आहे.

उभे राहावेसे वाटण्यात मात्र त्यांची चूक नाही. उभ्या माणसाचा आवाज छातीतून मोकळा येतो, टाळी एका तालात पडते आणि शेजारचा अनोळखी माणूसही तेवढ्यापुरता आपला होतो. बसलेल्या रांगेतून तसा घोष क्वचितच उठतो. अडचण अशी आहे की उभे राहणे ही साखळी आहे. पहिल्या रांगेतला एक उभा राहिला की त्याच्या मागच्याला उभे राहावे लागते, मग त्याच्या मागच्याला, आणि ही साखळी जाऊन थांबते ती ज्याला उभे राहताच येत नाही त्याच्यापाशी. त्याला सामना दिसत नाही. इंग्लंडमध्येही उभ्या प्रेक्षकांविरुद्धच्या तक्रारींत मोठा वाटा वृद्धांचा, लहान मुले घेऊन येणाऱ्यांचा आणि चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांचा असे, आणि म्हणूनच परवानगीच्या अटींत इतरांच्या, विशेषतः अपंग प्रेक्षकांच्या, नजरेच्या आड न येण्याची अट आवर्जून घातली गेली.

आपल्या पत्रातील पायऱ्यांचा उल्लेख मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तक्रार आपण दिसण्याबद्दल केली आहे, पण धोका त्याहून मोठा आहे. युरोपात उभ्याने पाहण्यासाठी बांधलेल्या पायऱ्या बुटक्या असतात आणि ठरावीक अंतरावर लोखंडी कठडे पुरलेले असतात, जेणेकरून मागचा भार पुढच्यांच्या पाठीवर न जाता कठड्यावर जावा. आपल्याकडच्या पायऱ्या बसण्यासाठी बांधलेल्या असतात. त्या गुडघ्याएवढ्या उंच असतात आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये काहीही नसते. अशा पायरीच्या कडेवर तीन-चारशे मुले उड्या मारू लागली आणि वरच्या एखाद्याचा तोल गेला, तर तो थेट खालच्याच्या मानेवर येतो. म्हणजे बसण्याच्या पायरीवर उभे राहणे ही बसण्याच्या आणि उभ्याच्या दोन्ही जागांपेक्षा वाईट व्यवस्था आहे. त्यात क्रमांक नसतात. "सरका थोडं, एक बसेल अजून," या प्रेमळ वाक्याने आपण एका पायरीवर किती माणसे वाढवतो याची कोणीच मोजणी करत नाही. मधल्या चढउताराच्या वाटांवरही माणसे बसलेली असतात, आणि सामना संपल्यावर किंवा पाऊस आल्यावर सगळे एकदम उठले की उतरायला वाटच उरत नाही.

आपल्यासारख्या ज्येष्ठांच्या शब्दाला तालमीत मान असतो. तेव्हा प्रत्येक सामन्यात त्या मुलांशी वाद घालण्यापेक्षा आपण आणि आपल्या वयाच्या मंडळींनी हंगामापूर्वी संयोजकांपुढे आणि तालमींच्या पदाधिकाऱ्यांपुढे हा विषय मांडावा. गोलच्या मागचा एक भाग उभ्याने पाहणाऱ्यांना द्यावा, तिथे प्रत्येक पायरीला कमरेइतका कठडा घालावा आणि मोजकीच तिकिटे द्यावीत. मैदानाच्या मधल्या रेषेसमोरचा भाग बसणाऱ्यांचा ठेवावा, आणि तिथे पायऱ्यांवर तेलरंगाने हाताहाताच्या अंतरावर आकडे घालावेत. चढउताराच्या वाटा पिवळ्या पट्ट्याने आखून तिथे स्वयंसेवक उभा करावा. कठड्यांना खर्च येईल हे खरे, परंतु आकड्यांना आणि पट्ट्याला रंगाचे चार डबे पुरतात. तरुणांना त्यांची हक्काची जागा मिळाली तर ते तिथे आनंदाने जातील असा मला विश्वास वाटतो. त्यांना आज कुठेच जागा नाही म्हणून ते आपल्यासमोर उभे आहेत.

एक विनंती आपल्यालाही आहे. चेंडू गोलपाशी आल्यावर सारी पायरी उठते तेव्हा नातवाला खांद्यावर घेऊ नका. धक्का लागला तर दोघांचाही तोल एकाच वेळी जातो.

प्रश्न : २०१७ मध्ये फातोर्ड्याला १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने पाहिले, सगळ्यांना खुर्च्या होत्या. जर्मनीत मात्र हजारो लोक उभ्याने सामना पाहतात असे ऐकतो. मग आंतरराष्ट्रीय नियम नक्की काय आहे?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : देशाच्या लीगचे नियम आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे नियम वेगवेगळे असतात, म्हणून हा गोंधळ होतो. विश्वचषकासाठी फिफाला खुर्च्याच लागतात. त्याच २०१७ च्या स्पर्धेसाठी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावरही प्रत्येक जागेवर स्वतंत्र खुर्ची बसली. याच मैदानावर १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपान्त्य फेरीत ईस्ट बंगाल आणि मोहन बागान खेळले तेव्हा १,३१,००० हून अधिक प्रेक्षक आत होते. आज तिथे त्याच्या जवळपास निम्मेच मावतात.

जर्मनीचे उत्तम उदाहरण डॉर्टमुंडचे. तिथल्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे २४,५०० माणसे उभी राहतात. एकाच उतारावर पिवळ्या रंगाची भिंत उभी असावी तसे ते दिसते आणि लोक तिला भिंतच म्हणतात. जर्मन लीगच्या सामन्याला या मैदानात ८१,००० हून अधिक प्रेक्षक असतात. युरोपातील क्लबांच्या स्पर्धेसाठी किंवा देशादेशांच्या सामन्यासाठी मात्र त्याच उतारावर खुर्च्या जोडाव्या लागत आणि मग मैदानाची क्षमता सुमारे ६६,००० वर येई. युरोपीय फुटबॉल संघटनेने २०२२-२३ च्या हंगामापासून इंग्लंड, जर्मनी आणि फ्रान्स या देशांत, ज्या जागांना तिथल्या कायद्याने मान्यता आहे त्या जागांपुरती, क्लबांच्या सामन्यांना उभ्याने पाहण्याची प्रायोगिक मुभा दिली.

यात पैशाचाही भाग आहे. जर्मनीत उभ्याचे तिकीट बसण्याच्या तिकिटापेक्षा बरेच स्वस्त असते, कारण तेवढ्याच जागेत अधिक माणसे मावतात, आणि त्यामुळे विद्यार्थी आणि कामगार अजूनही मैदानात दिसतात. इंग्लंडने एका खुर्चीला एकच माणूस हा नियम ठेवल्यामुळे माणसे वाढत नाहीत आणि तिकीटही आपोआप उतरत नाही. मला स्वतःला इंग्लंडची सावधगिरी आणि जर्मनीचे दर, दोन्ही हवेसे वाटतात. ते एकत्र आणणे अवघड आहे हे मला कळते.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. मित्रांबरोबर एका मोठ्या सामन्याला जाणार आहे आणि आमची तिकिटे गॅलरीतील आहेत. गर्दी धोकादायक होऊ लागली आहे हे कसे ओळखावे आणि त्या वेळी काय करावे?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : सामन्याच्या उत्साहात हा विचार तुम्ही आधीच केलात याचा मला आनंद वाटला. ब्रिटनमधील क्रीडा मैदानांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिका उभ्याच्या जागेत दहा चौरस मीटरला जास्तीत जास्त ४७ माणसे मानते, आणि तेही जागा सर्व दृष्टींनी उत्तम असेल तर. आपल्याकडच्या दहा फूट बाय दहा फूट खोलीत साधारण ४३ माणसे उभी आहेत अशी कल्पना केली की हा आकडा डोळ्यांसमोर येईल. त्याच खोलीत साठ-पासष्ट माणसे झाली की कोणीही स्वतःच्या मर्जीने हलू शकत नाही. गर्दी पाण्यासारखी हेलकावू लागते आणि माणूस तिच्याबरोबर वाहतो.

तिथपर्यंत जाऊ देऊ नका. चारही बाजूंनी खांदे टेकू लागले, पुढच्याशी बोलताना मान वळवता येईना, किंवा हात वर आणून नाक खाजवणेही जमेना, तर तीच निघण्याची वेळ आहे, सामना कितीही रंगलेला असो. लोंढ्याच्या विरुद्ध दिशेला रेटा देऊ नका. एक हेलकावा ओसरला की पुढचा येण्याआधी तिरके, कडेच्या दिशेने सरका. दोन्ही हात मुष्टियोद्ध्यासारखे छातीसमोर ठेवा, कारण फासळ्यांना हलायला चार बोटे जागा मिळाली तरी श्वास चालू राहतो. ओरडण्यात दम घालवू नका. भिंत आणि जाळी यांच्यापासून दूर राहा. शेजारी कोणी पडले तर आजूबाजूच्यांनी मिळून त्याला लगेच उभे करा.

आत शिरताना बाहेर पडण्याची दोन दारे नजरेत ठेवा आणि मित्रांशी भेटण्याची जागा मैदानाच्या बाहेर ठरवा, कारण गर्दीत मोबाइल लागेलच असे नाही. सामना संपल्यावर दहा मिनिटे जागेवरच थांबलात तर उत्तमच. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगोच्या इब्रॉक्स मैदानावर ६६ माणसे गेली ती सामना पाहताना गेली नाहीत. ती घरी निघाली होती आणि बाहेर पडण्याच्या जिन्यावर एकमेकांवर कोसळली. तेव्हा जिन्यावर कठड्याच्या बाजूने चाला, पुढच्याला घाई करू नका, आणि चप्पल निसटली किंवा मोबाइल पडला तरी तो उचलायला वाकू नका.